रुग्णाला कळेल असे वैद्यक

बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली वृत्तपत्रांत आणि विधिमंडळात गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशभरात शेकडा ३.२ होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट सारखे नाहीत, त्यामुळे आकड्याला आकडा लावून तुलना करणे योग्य होणार नाही. तरीही शेकडा सोळा-सतरा आणि शेकडा तीन यांमधील अंतर डोळ्यांआड करता येण्याजोगे नाही.

त्यानंतर जे व्हायचे ते झाले. खासगी रुग्णालयाने ही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यावी, असे बंधन बीडमध्ये आले. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थान या राज्यांतील अशाच शस्त्रक्रियांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर होते. त्याचा निकाल एप्रिल २०२३ मध्ये लागला आणि अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश देण्यात आला. परवानगी, तपासणी, अहवाल हे सारे आवश्यकच होते. परंतु या सगळ्या धावपळीत एक साधा प्रश्न मागे राहिला. शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्यापूर्वी त्या स्त्रीला काय सांगण्यात आले होते, आणि जे सांगितले ते खरे की खोटे हे पडताळून पाहण्याचे कोणते साधन तिच्यापाशी होते?

ऊसतोडणीच्या धंद्यात नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरली जाते. हंगामापूर्वीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस काम बुडाले तरी खाड्याचा दंड भरावा लागतो. पाळीच्या दिवसांत काम थांबवणे परवडत नाही. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे ही दुखणी वर्षानुवर्षे अंगावर काढली जातात. अशा स्त्रीला कोणी ‘पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे सांगितले, तर ती काय करणार? पांढरे जाणे हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचे लक्षण असते आणि ते औषधाने बरे होते. कर्करोगाची शंका असेल तर आधी तपासणी करता येते. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले तर तिशी-पस्तिशीतच ऋतुनिवृत्ती येते आणि पुढे हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. ही चार वाक्ये तिला तिच्या भाषेत, तिच्या विश्वासातल्या ठिकाणाहून मिळाली असती, तर त्या १३ हजारांतील किती जणींनी वेगळा निर्णय घेतला असता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. परंतु ही चार वाक्ये तिच्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची, याचा निर्णय आजही झालेला नाही.

हक्क आहे, साधन नाही

कायद्याच्या बाजूने पाहिले तर भारतीय रुग्ण अगदीच निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. दिल्लीतील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी जो निर्णय दिला, तो याच विषयाशी निगडित होता. एका स्त्रीने केवळ दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजांडकोश काढण्यात आले. सज्ञान आणि सुबुद्ध रुग्णाच्या वतीने दुसऱ्या कोणी संमती देणे पुरेसे नाही, आणि रोगाचे स्वरूप, उपचाराचे लाभ व धोके, पर्यायी उपचार आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती दिल्याखेरीज संमतीला अर्थ नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत त्याची कागदपत्रे देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती होऊन अशी सनद आणि दरपत्रक दर्शनी जागी लावण्याचे बंधन आले.

म्हणजे हक्कांची यादी लांबलचक आहे. उणीव आहे ती ते हक्क बजावण्याच्या साधनांची. ‘पर्यायी उपचार कोणते’ हे विचारण्याचा हक्क असला, तरी पर्याय असतात याची कल्पनाच नसेल तर तो प्रश्न तोंडातून निघणार कसा? संमतीपत्र इंग्रजीत, निदान इंग्रजीत, आणि रुग्णालयातून घरी सोडताना हाती पडणारा कागद तर अशा संक्षेपांनी भरलेला की इंग्रजी जाणणाऱ्यालाही त्याचा अर्थ लागू नये. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला. शाळेत फारसा न गेलेला शेतकरीसुद्धा आपल्या जमिनीचा सातबारा हातात घेऊन कोणत्या रकान्यात काय लिहिले आहे ते बोट ठेवून दाखवतो. त्याच शेतकऱ्याला आपल्या शरीराचा सातबारा मात्र वाचता येत नाही. जमिनीच्या बाबतीत जो माणूस खातेदार असतो, तो रुग्णालयाची पायरी चढताच केवळ एक ‘केस’ होतो.

रुग्णकेंद्री आरोग्यसेवा हा शब्दप्रयोग अलीकडे परिषदांतून आणि जाहिरातींतून सारखा कानी पडतो. त्याचा अर्थ प्रतीक्षागृहात मऊ खुर्च्या आणि स्वागतिकेचे हसू एवढाच नव्हे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००१ साली चांगल्या आरोग्यसेवेची जी सहा उद्दिष्टे सांगितली, त्यांत हे एक होते. आणि रुग्णाच्या गरजा, पसंती व मूल्ये यांचा मान राखून निर्णय व्हावेत, असा त्याचा आशय होता. ही कल्पना आपल्याला सर्वस्वी परकी आहे असेही नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. रुग्णाच्या अंगी जे चार गुण असावेत असे तेथे म्हटले आहे, त्यांत वैद्याच्या सूचना पाळण्याबरोबरच ‘ज्ञापकत्व’, म्हणजे आपला विकार नीट सांगता येणे, याचाही समावेश आहे. रुग्ण हा बोलणारा, सांगणारा, चिकित्सेचा भार पेलणारा एक पाय आहे, हे त्या ग्रंथकारांनी ओळखले होते. आजच्या व्यवस्थेने तीन पाय भक्कम केले आणि चौथा लुळा ठेवला.

विखुरलेल्या ज्ञानाची किंमत

माहितीचा दुष्काळ आहे असे मात्र कोणी म्हणू नये. उलट, माहितीचा पूर आला आहे आणि त्या पुरात पिण्याचे पाणी मिळत नाही, अशी स्थिती आहे. हातातल्या भ्रमणध्वनीवर एखाद्या रोगाचे नाव घातले की शेकडो पाने उघडतात. त्यांतील भरवशाची बहुतेक इंग्रजीत असतात. मराठीतील पुष्कळशी एखादे औषध, चूर्ण वा रुग्णालय खपवण्यासाठी लिहिलेली असतात. उरलेली जागा नातेवाइकांच्या गटांतून फिरणारे संदेश भरून काढतात. त्यांत मधुमेह एका महिन्यात मुळापासून नाहीसा होतो आणि मूत्रपिंडातील खडा एका रात्रीत विरघळतो.

या पुराची खरी किंमत महाराष्ट्राने एप्रिल २०२१ मध्ये मोजली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत रेमडेसिविर या औषधासाठी पुणे-नागपूरसारख्या शहरांत रुग्णांचे नातलग औषधदुकानांपुढे तासन् तास रांगा लावून उभे होते आणि काळ्या बाजारात त्या कुप्या अव्वाच्या सव्वा भावाने विकल्या जात होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधी पाच महिने, नोव्हेंबर २०२० मध्येच, रुग्णालयात दाखल असलेल्या कोविड रुग्णांसाठी या औषधाची शिफारस करता येत नाही, असे सांगितले होते. त्याने मृत्यू टळतात असा पुरावा तोवर मिळालेला नव्हता. पुढे आणखी पुरावा आल्यावर काही रुग्णांपुरती ही भूमिका बदलली, हे खरे. पण रांगेत उभ्या असलेल्या त्या माणसाला यांपैकी काहीच ठाऊक नव्हते. त्याच्या हाती होती ती डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी. ‘हे मिळाले नाही तर काय होईल?’ या त्याच्या प्रश्नाला मराठीत, शांतपणे आणि प्रामाणिकपणे उत्तर देणारी एकही सर्वमान्य जागा नव्हती.

विखुरलेले ज्ञान एकत्र न केल्यास काय होते, याचे वैद्यकाच्या इतिहासातील एक उदाहरण सर्वश्रुत आहे. अपुऱ्या दिवसांची प्रसूती होण्याची शक्यता असलेल्या मातेला स्टेरॉइडची स्वस्त सुई दिली तर बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, हे न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखवून दिले. त्यानंतर आणखी अनेक चाचण्या झाल्या. पण त्या सर्वांचे निष्कर्ष एकत्र मांडून कोणी पाहिलेच नाहीत. ते काम १९८९-९० च्या सुमारास झाले, तेव्हा उपायाची उपयुक्तता निर्विवाद ठरली. मधल्या काळात जगभरातील असंख्य अपुऱ्या दिवसांची बालके ज्ञान उपलब्ध असूनही दगावली. आर्ची कॉक्रन या ब्रिटिश वैद्याच्या नावाने १९९३ साली जी कॉक्रन संघटना उभी राहिली, तिचे बोधचिन्हच या चाचण्यांच्या आलेखावरून घेतलेले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००७ साली या संघटनेचा ग्रंथसंग्रह सर्व भारतीयांना विनामूल्य खुला करून दिला, ही अभिमानाची गोष्ट होती. पण त्याचा लाभ किती मराठी रुग्णांना झाला असेल? दार उघडे होते. पायऱ्या मात्र इंग्रजी होत्या.

दुसरे उदाहरण ऑक्सफर्डचे. ॲन मॅकफर्सन या स्वतः डॉक्टर असलेल्या बाईंना स्तनाचा कर्करोग झाला आणि अँड्र्यू हर्क्सहायमर या औषधशास्त्रज्ञांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. वैद्यक कोळून प्यायलेल्या या दोघांच्याही लक्षात आले की, ‘या दुखण्यासह जगायचे कसे’ हे पुस्तकांत कोठेच नाही. ते त्या वाटेने गेलेल्या माणसांनाच ठाऊक असते. त्यांच्या पुढाकाराने २००१ साली रुग्णांच्या अनुभवांचा सार्वजनिक संग्रह सुरू झाला. एकेका रोगाच्या निरनिराळ्या थरांतील रुग्णांच्या सविस्तर मुलाखती संशोधकांनी घ्यायच्या, त्यांचे विषयवार वर्गीकरण करायचे, वैद्यकीय मजकूर तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचा आणि मग तो सर्वांना खुला करायचा, अशी त्याची पद्धत. कोणाही उत्साही माणसाने वाटेल ते सांगावे आणि ते छापले जावे, असा हा कारभार नाही. आणि डॉक्टरांनी वरून उपदेश करावा, असाही नाही.

तिसरे उदाहरण इशाऱ्याचे आहे. अमेरिकेत उपचारविषयक मार्गदर्शक तत्त्वांचे एक राष्ट्रीय भांडार १९९८ पासून सरकारी खर्चाने चालत होते आणि जगभरातील डॉक्टर त्याचा आधार घेत. जुलै २०१८ मध्ये निधी संपला म्हणून ते बंद पडले. वीस वर्षांचे काम अंदाजपत्रकातील एका ओळीबरोबर लोकांच्या नजरेआड गेले. ज्ञानाचे भांडार उभारणे अवघड असते, पण ते चालू ठेवणे त्याहून अवघड, हा धडा आपण दुसऱ्यांच्या ठेचेवरून शिकलेला बरा.

खाते आहे, उलगडा नाही

केंद्र सरकारने या क्षेत्रात काहीच केले नाही, असे नाही. १५ ऑगस्ट २०२० रोजी जाहीर झालेली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर लागू झालेली आयुष्मान भारत डिजिटल योजना प्रत्येक नागरिकाला चौदा अंकी आरोग्य क्रमांक देते. वेगवेगळ्या रुग्णालयांतील कागदपत्रे त्याच्या संमतीने एका सूत्रात जोडता यावीत, हा तिचा हेतू. तो स्तुत्यच आहे. गावोगाव फिरणाऱ्या रुग्णाच्या प्लास्टिकच्या पिशवीतील चुरगळलेली कागदपत्रे आणि क्ष-किरण चित्रे पाहिली की त्याची गरज पटते. परंतु ही व्यवस्था कागद सांभाळते. कागदाचा अर्थ सांगत नाही. बँकेने खाते उघडून द्यावे आणि पासबुक मात्र खातेदाराला न समजणाऱ्या लिपीत छापावे, असा हा प्रकार आहे. नोंदींच्या या कोठाराला जोड हवी ती उलगडा करून सांगणाऱ्या एका सामाईक मराठी ज्ञानभांडाराची.

असे भांडार उभारण्याची कुवत महाराष्ट्राजवळ नाही काय? ज्या समाजात शंभर वर्षांपूर्वी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचा संसार उभा केला, ज्या राज्याने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला मराठी विश्वकोशाचे काम हाती घेऊन १९७६ साली त्याचा पहिला खंड वाचकांच्या हाती दिला, त्या राज्याला हे अवघड वाटू नये. अनुभवाचीही कमतरता नाही. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले, तेव्हा ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा खेड्यातील स्त्रियांनी आरोग्यज्ञान आत्मसात करून ते घरोघर नेले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घ्यायला शिकवले आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते जगापुढे ठेवले. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला. पण त्या शोधाचा लाभ मिळायचा तर दंश झालेला माणूस मांत्रिकाकडे वेळ न दवडता दवाखान्यात पोहोचायला हवा. म्हणजे तेथेही अखेरची कडी रुग्णाच्या माहितीचीच. वैद्यकाचे अवघड ज्ञान सामान्य माणसाला झेपत नाही, हा समज महाराष्ट्राच्याच मातीत खोटा ठरलेला आहे.

भांडार कसे असावे

या भांडाराची रचना डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकावरून नव्हे, तर रुग्णाच्या प्रश्नांवरून व्हावी, हे पहिले तत्त्व. पाठ्यपुस्तक रोगाच्या व्याख्येपासून सुरू होते. रुग्ण ‘मला हे का झाले, आता काय होईल, किती खर्च येईल, कामावर कधी जाता येईल’ येथून सुरुवात करतो. म्हणून आधी बाह्यरुग्ण विभागांत, आशा कार्यकर्त्यांच्या बैठकांत आणि रुग्णांच्या स्वसाहाय्य गटांत हे प्रश्न गोळा करावेत. प्रत्येक विषयाची नोंद एका ठरावीक साच्यात असावी: विकार काय आहे, उपचारांचे पर्याय कोणते, काहीच न करता थांबले तर काय होते, प्रत्येक पर्यायाने शंभरांतील किती जणांना फायदा होतो व किती जणांना अपाय, कोणत्या शासकीय योजनेत तो बसतो, आणि डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत. टक्केवारीच्या मोघम भाषेपेक्षा ‘शंभर माणसांपैकी पाच’ असे सांगितले की ते चटकन कळते. पुरावा जेथे अपुरा असेल तेथे तसे स्पष्ट लिहिण्याचे धैर्य हवे. ‘याचे उत्तर अजून कोणालाच ठाऊक नाही’ हे वाक्य रुग्णाला फसव्या आश्वासनापेक्षा अधिक उपयोगी पडते.

दुसरे तत्त्व भाषेचे. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांचे ऋण मान्य करूनही म्हणावे लागेल की, ‘उच्च रक्तदाब’ रुळला तसा प्रत्येक शब्द रुळेलच असे नाही. जेथे लोक ‘शुगर’, ‘बीपी’, ‘सोनोग्राफी’ म्हणतात तेथे तेच शब्द वापरावेत. मजकूर छापण्यापूर्वी तो चौथी-पाचवीपर्यंत शिकलेल्या दहा माणसांना वाचून दाखवावा आणि त्यांना काय समजले ते त्यांच्याच तोंडून ऐकावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक नोंद ऐकण्याची सोय असावी; आणि मराठीबरोबरच गोंडी, भिली, कोरकू अशा बोलींतही ती उतरावी. मेळघाट आणि गडचिरोली यांना वगळून झालेले भांडार सामाईक म्हणवून घेण्यास पात्र ठरणार नाही.

तिसरे तत्त्व विश्वासार्हतेचे. प्रत्येक नोंदीखाली ती कोणी लिहिली, कोणी तपासली, त्यांचे कोणत्या औषध कंपनीशी वा रुग्णालयाशी आर्थिक संबंध आहेत काय, आणि ती शेवटची केव्हा तपासली गेली, हे नोंदलेले असावे. ठरावीक मुदतीत फेरतपासणी न झालेली नोंद आपोआप मागे घेतली जावी. कारण शिळे अन्न आणि शिळे वैद्यक दोन्ही सारखीच घातक. जाहिरात आणि औषध उद्योगाचा पैसा यांना येथे मज्जाव असावा. तसेच रुग्णाची खासगी माहिती या भांडारात साठवूच नये. येथे कोण काय वाचून गेले याची नोंद ठेवली गेली, तर क्षयरोग, एचआयव्ही वा मानसिक आजार असलेला माणूस दाराशीच थबकेल. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. परंतु जी माहिती गोळाच केली नाही तिच्याइतकी सुरक्षित माहिती दुसरी नाही.

चौथे तत्त्व सामाईकपणाचे. येथील मजकूर कोणाही रुग्णालयाला, ग्रामपंचायतीला, शाळेला विनापरवाना व विनाशुल्क छापता यावा. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातील परिचारिकेने एक कळ दाबताच त्या विकाराची दोन पानी मराठी पत्रिका छापून रुग्णाच्या हाती पडावी. आशा कार्यकर्तीला ती आपल्या फोनवर गावात बसून ऐकवता यावी. जाळ्यावर भांडार टाकले आणि काम संपले, असे मानणे म्हणजे विहीर खणून दोर-बादली न ठेवण्यासारखे आहे.

आणि पाचवे तत्त्व कारभाराचे. हे भांडार एखाद्या खात्याच्या कोपऱ्यात पडून राहू नये, किंवा मंत्र्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शनही होऊ नये. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, विश्वकोश मंडळ आणि रुग्णांच्या संघटना यांचे मिळून एक स्वायत्त मंडळ कायद्याने स्थापन व्हावे आणि त्यातील किमान एक तृतीयांश सभासद रुग्ण किंवा रुग्णांची शुश्रूषा करणारे असावेत. त्यांना शोभेपुरते बसवू नये. कोणते विषय आधी घ्यायचे आणि कोणता मजकूर समजण्याजोगा नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा असावा. निधीची तरतूद एका वर्षापुरती न करता त्यासाठी कायम ठेव उभारावी. अमेरिकेतील भांडाराची गत आपल्या भांडाराची होऊ नये.

आक्षेप आणि उत्तरे

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांकडून येईल. अर्धवट ज्ञानाने रुग्ण वाद घालतील, प्रत्येक चिठ्ठीवर शंका घेतील, न्यायालयाची भीती वाढेल. ही भीती निराधार नाही. सरकारी दवाखान्यात एकेका डॉक्टरला दिवसाकाठी शंभरावर रुग्ण तपासावे लागत असतील, तर त्याला समजावून सांगण्यास वेळ कोठून मिळणार? पण याच कारणासाठी हे भांडार डॉक्टरांच्याही हिताचे आहे. जी माहिती दिवसातून पन्नास वेळा सांगावी लागते, ती आधीच वाचून वा ऐकून आलेला रुग्ण नेमके दोनच प्रश्न विचारतो. उपचाराचे पर्याय मांडून दाखवणाऱ्या साधनांवर परदेशांत जे संशोधन झाले, त्यात अशी साधने वापरणाऱ्या रुग्णांचे ज्ञान वाढल्याचे आणि धोक्यांचा त्यांचा अंदाज अधिक अचूक झाल्याचे दिसले आहे. अर्धवट ज्ञान घातक असते हे खरेच. पण ते अर्धवट ज्ञान आजही रुग्णाच्या खिशात आहे. प्रश्न ते पूर्ण करण्याचा आहे. शिवाय डॉक्टरांवर होणारे हल्ले, ही महाराष्ट्राला वारंवार खाली मान घालायला लावणारी गोष्ट, यांच्या मुळाशी अनेकदा ‘आम्हाला काही सांगितलेच नाही’ हीच भावना असते.

दुसरा आक्षेप आधुनिकांचा. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर देणारी यंत्रे आता हाताशी आली आहेत. मग कोशाचा हा जुना खटाटोप कशासाठी? पण यंत्र बोलते ते त्याला जे वाचायला मिळाले त्याच्या जोरावर. मराठीत भरवशाचा वैद्यकीय मजकूर तुटपुंजा असेल, तर ते परक्या देशातील रुग्णासाठी लिहिलेले उत्तर मराठी वेष चढवून पुढे करील. त्यात महात्मा फुले जन आरोग्य योजना नसेल, ऊसतोडणीचा हंगाम नसेल, आणि चूक झाली तर उत्तरदायी कोण, हेही नसेल. यंत्रे कितीही सुधारली तरी त्यांना पाणी पुरवणारा झरा स्वच्छ असावाच लागतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. माहितीने काय होणार? ज्या बाईला खाड्याचा दंड भरावा लागतो, जवळच्या सरकारी रुग्णालयात जिच्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, तिला दोन पानी पत्रिका देऊन तिचे दुःख दूर होणार आहे काय? नाही होणार. माहिती ही डॉक्टरची, औषधाची किंवा मजुरीच्या न्याय्य अटींची जागा घेऊ शकत नाही. आणि तशी ती घेऊ लागली, तर शासनाला जबाबदारी झटकण्यासाठी ती एक सोयीची सबब होईल. त्यामुळे हे भांडार सार्वजनिक आरोग्यसेवेला पर्याय म्हणून नव्हे, तर तिचाच एक भाग म्हणून उभे राहिले पाहिजे. परंतु ज्याला काय मिळायला हवे हेच ठाऊक नसते, तो मागणीही करू शकत नाही. रिकाम्या पदांविषयी, न मिळणाऱ्या औषधांविषयी आवाज उठवायचा तोही जाणकार रुग्णांनीच.

आरंभ मोठा असण्याचे कारण नाही. गर्भाशयाची शस्त्रक्रिया, सिझेरियन, मधुमेह, रक्तदाब, क्षय, मोतीबिंदू, पक्षाघात, डायलिसिस, सर्पदंश आणि तोंडाचा कर्करोग असे दहाच विषय घ्यावेत. ते नीट करावेत, बीड आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत वापरून पाहावेत, आणि लोकांच्या सूचनांवरून सुधारून पुढे जावे. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद राज्यभर झाला आणि तो होणे स्वाभाविकही होते. परंतु भाषेचा मोठेपणा तिच्या प्राचीनतेवरून जसा ठरतो, तसाच माणसाच्या अडचणीच्या वेळी ती किती उपयोगी पडते यावरूनही ठरतो. शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी एखाद्या ऊसतोडणी करणाऱ्या बाईला ‘थांबा, मला आधी हे समजावून सांगा’ असे म्हणता आले, तर त्या एका वाक्यात मराठीचा आणि वैद्यकाचा दोघांचाही सन्मान होईल.